बटणाचं घर

परवा एका लग्नाला निघालो होतो. ठेवणीतला शर्ट अंगात घातला, आरशासमोर उभा राहिलो, तर वरून तिसरं बटण काही केल्या जागेवर राहीना. लावावं, हात खाली न्यावा, की ते निसटलंच. दोनदा लावलं, तीनदा लावलं. शेवटी चिडून म्हणालो, "हे बटणच बेकार आहे." बायकोनं जवळ येऊन पाहिलं. "बटणाला कशाला बोल लावता? बटण धड आहे. काज फाकलंय."

सदतीस वर्षं बँकेत काढली आहेत. भलत्याच्या खात्यावर भलत्याची रक्कम पडली की जीव कसा चरकतो ते मला ठाऊक आहे. इथे मी काजाच्या नावची चूक बटणाच्या खाती टाकून मोकळा झालो होतो. पण हे आपल्या सगळ्यांचंच आहे. बटण तुटलं, बटण हरवलं, बटण बदललं, असं आपण येता-जाता बोलतो. घरोघरी जुन्या शर्टांची बटणं काढून डब्यात साठवलेली असतात. काज कुणी काढून ठेवलंय? ठेवणार तरी कसं? काज म्हणजे काही वस्तू नव्हे. ती कापडातली एक चीर. तिच्या भोवती कुणीतरी बसून टाके घातलेले असतात, म्हणून ती चीर फाटत जात नाही, इतकंच.

लग्न सेफ्टी पिनेवर निभावलं. दोन दिवसांनी तो शर्ट घेऊन मी बडी सडकेच्या बाजूच्या एका दुकानात गेलो. 'येथे काज-बटण, इंटरलॉक, पिको-फॉल करून मिळेल' अशी पाटी तुमच्याही गावात असेलच. गल्ल्यावर एक तरुण पोरगा होता. त्यानं काजात बोट घालून पाहिलं नि म्हणाला, "काका, काज रिपेर होत नाही. मोठं बटण लावून देतो." मी म्हटलं, बाकीची सहा लहान आणि हे एकच मोठं? तो म्हणाला, "मग सगळीच मोठी लावू." मालक संध्याकाळी भेटतील असं कळलं. या दुकानाशी माझा जुना संबंध आहे. तो पुढे येईलच.

घरी येताना डोक्यात तो शब्दच घोळत राहिला. मराठीत 'काज' दोन आहेत. एक कामकाजातलं. ते संस्कृत 'कार्या'पासून घरंगळत प्राकृतातून आपल्याकडे आलं. त्याच्याशी माझा जन्मभर संबंध आला. दुसरं शर्टावरचं. त्याचं या कार्याशी काडीचंही नातं नाही. ते आलं पोर्तुगिजांबरोबर. त्यांच्या भाषेत 'काझा' म्हणजे घर, आणि बटण जिथे जाऊन बसतं त्या भोकालाही ते 'काझा'च म्हणतात. बटणाचं घर! हिंदीत ते काज राहिलं, गुजरातीत गाज झालं. गोव्यात बटणालासुद्धा बुतांव म्हणतात, तोही पोर्तुगीजच. आपण मात्र बटण इंग्रजाकडून घेतलं आणि त्याचं घर फिरंग्याकडून. पण सोयरीक बरी जमली आहे. काज-बटण हा जोडशब्द कुणालाही परका वाटत नाही.

शब्द बाहेरून का आणावा लागला, याचं उत्तर आपल्या जुन्या कपड्यांत आहे. धोतर, लुगडं, उपरणं, पागोटं यांना सुई लागायची नाही. चोळीला गाठ. बाराबंदीला बारा बंद. नावातच हिशेब सांगितलेला. अंगरख्यालाही बंदच. फार तर एखादी कापडाची गुंडी आणि ती अडकवायला दोऱ्याचा फास. संत नामदेव शिंपी. आमच्या मराठवाड्यातलं नरसी हे त्यांचं गाव मानलं जातं. त्यांच्या पदांतून गज, कात्री, सुई-दोरा असा सगळा धंदा येतो. काज यायचं कारणच नव्हतं.

गंमत अशी की बटण फार जुनं आहे. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात शिंपल्याची, भोकं पाडलेली बटणं सापडली आहेत. ती शोभेची असावीत असं जाणकार म्हणतात. काज मात्र युरोपात रुळलं ते इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या सुमारास. मधे तीन हजारांहून जास्त वर्षं गेली. इतका वेळ का लागावा? मला वाटतं, याचं कारण साधं आहे. विणलेल्या कापडाचा एक धागा कापला की शेजारचा सुटतो, त्याच्या शेजारचा सुटतो. धडधाकट कपड्याला आपल्या हातानं चीर पाडायची आणि ती वाढू द्यायची नाही, याला छाती लागते. फास करणं सोपं. तो बाहेरून जोडता येतो. काज कापडाच्या पोटात करावं लागतं. ते जमू लागलं तेव्हा कुठे कपडा अंगाबरोबर बसायला लागला.

आमच्या जालना जिल्ह्यात ही वस्तू पलटणींबरोबर आली असणार. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी वेलस्लीची लढाई झाली. ते असई आमच्याच जिल्ह्यातलं. तेव्हाच्या इंग्रजी पलटणींच्या लाल कोटांवर प्रत्येक काजाभोवती पांढऱ्या फितीचा पट्टा शिवलेला असे, आणि कुठल्या पलटणीची फीत कशी तेही ठरलेलं असे. काजावरून माणूस कुठल्या पलटणीचा ते ओळखावं! पुढे जालन्याला छावणीच पडली. छावणी आली की तिच्यामागून शिंपी आलेच. निजामी अमदानीत कचेरीत जायचं तर अंगात शेरवानी हवी. माझ्या वडिलांचा १९४७ चा एक फोटो आहे. कोर्टातले नवे कारकून, गळ्यापर्यंत बंद शेरवानी, बटणांची एक सरळ रांग. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली आणि ती शेरवानी ट्रंकेत गेली. मग आला नेहरू शर्ट. नव्या पिढीला सांगायला हवं की त्या शर्टाला बटणं शिवलेलीच नसत. पट्टीच्या दोन्ही बाजूंना काजं असत आणि त्यांतून चांदीच्या, ऐपत असेल तर सोन्याच्या गुंड्या ओवायच्या, त्यांना जोडणारी नाजूक साखळी वर दिसत राहायची. जावयाला लग्नात अशा गुंड्या देत. आमच्या वडिलांच्या चांदीच्या होत्या. धोब्याकडे शर्ट टाकताना त्या काढायच्या राहिल्या की घरात महाभारत घडे.

आणि ही दुहेरी काजं करायची अक्का.

जुन्या जालन्यात आमच्या वाड्यात समोरच्या खोलीत ती राहायची. नवरा जिनिंग फॅक्टरीत होता, तो लवकर गेला. एक मुलगा. कुंडलिकेच्या पलीकडे, कादराबादेत एक टेलरमास्तर होते. त्यांच्याकडून रोज संध्याकाळी फडक्यात बांधलेला शर्टांचा गठ्ठा यायचा आणि दुसऱ्या दिवशी काजं-बटणं होऊन परत जायचा. ने-आण करायला मास्तरांचा मुलगा, आठ-दहा वर्षांचा. आला की अक्का त्याला सोडायची नाही. "बस जरा. तेवढी दोन काजं करू लाग, मग जा." तो ओट्यावर मांडी घालून बसायचा. आम्हा वाड्यातल्या पोरांकडे दुसरं काम होतं. दिवेलागणीला तिला सुईचं नाकं दिसायचं नाही. मग दहा-बारा सुया ओवून पाटाच्या कडेला टोचून ठेवायच्या. बदल्यात गुळाचा खडा.

हाताचं काज कसं होतं, ते मी इतक्या वेळा पाहिलंय की आजही डोळे मिटून सांगीन. आधी बटण हातात घ्यायचं. बटणाची रुंदी आणि वर त्याची जाडी, इतकी काजाची लांबी. चपटं बटण असेल तर जाडी नावालाच धरायची. पण फुगीर बटणाला ती विसरलात तर रोज सकाळी झटापट. मग खडूची रेघ. रेघेच्या दोन्ही अंगांनी बारीक धावदोरा, म्हणजे वरचं कापड आणि आतलं बकरम एकमेकांवरून सरकत नाही. मग चीर. अक्का दाढीच्या ब्लेडचं अर्धं पातं वापरायची. दोन्ही टोकांना आडव्या टाचण्या लावून ठेवायची, म्हणजे पातं पुढे सटकलं तरी टाचणीशी अडतं. चीर धाग्याच्या रेषेतच गेली पाहिजे. तिरपी गेली की तो शर्ट मास्तरांना भरून द्यायचा.

नंतर दोरा. हातभर लांब, मेणाच्या गोळ्यावरून ओढून घेतलेला. एका काजाला एकच दोरा. मधे जोड आला की तो दिसतो. सुई चिरेच्या मागून पुढे काढायची. पण ओढायची नाही. नाक्यातून येणारा दोरा आधी सुईच्या टोकाखालून फिरवायचा आणि मग वरच्या अंगाला खेचायचं. एक बारीक गाठ बरोबर काठावर येऊन बसते. तिच्या शेजारी दुसरी, दुसरीच्या शेजारी तिसरी. जास्त खेचलं तर काठ चुरगळतो, कमी खेचलं तर गाठ कापडावर लोळते. बटण ज्या टोकाला टेकतं तिथे टाके पंख्यासारखे गोल फिरवायचे. दुसऱ्या टोकाला दोन-तीन आडवे टाके घालून त्यावर पट्टी बांधायची. शर्टाच्या पुढच्या पट्टीवर काजं उभी, कारण पट्टी अरुंद. कॉलरचं आडवं, कारण गळ्याचा ताण आडवा. कोटाची सगळी आडवी, आणि त्यांच्या काठावर टाक्यांच्या आत एक जाड दोरा निजवलेला, म्हणजे काठ उभा राहतो.

झालं की अक्का काज पालथं करून मागून बघायची. "पुढून समदेच चांगले दिसतात रे. मागून बघावं."

एका शर्टाला नऊ काजं धरा. पुढे सहा, कॉलरचं एक, बाह्यांची दोन. एका काजाला सहा-सात मिनिटं. वर बटणं लावायची. दिवसाचे सहा-सात शर्ट झाले तर डोक्यावरून पाणी, आणि शर्टामागे चाळीस पैसे. हा हिशेब मला त्या वयातच पाठ झाला होता, कारण महिन्याअखेर तो वहीत मांडून द्यायचं काम माझंच होतं. लग्नसराई, जूनमधले शाळेचे गणवेश आणि दिवाळी, हे तिचे तीन हंगाम. १९७२ च्या दुष्काळात तिन्ही बुडाले. लोक खडी फोडायला गेले होते. नवे कपडे कोण शिवणार? त्या दिवाळीत एकही गठ्ठा आला नाही. अक्का ओट्यावर बसून जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती.

नंतर टेरिकॉट आलं आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. सुती कापड कसं, सुई घातली की धरून ठेवतं. टेरिकॉटचा धागा निसरडा. चीर पाडली की काठ भुसभुशीत व्हायला लागतो. तिनं त्यावरही तोड काढली. चीर पाडल्यावर पेटत्या उदबत्तीचं टोक काठाजवळून हलकेच फिरवायचं. धागे वितळून एकमेकांना धरतात. जरा जास्त जवळ नेलं की डाग. बँकेच्या मुलाखतीसाठी मी पांढरा टेरिकॉटचा शर्ट शिवला, त्याची काजं अशी उदबत्तीवर झालेली होती. मुलाखतीला बसलो तेव्हा शर्टाला देवघराचा वास येत होता. साहेबांना काय वाटलं असेल कोण जाणे. नोकरी मात्र मिळाली.

१ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या, बदल्या आल्या, गाव हळूहळू अंगात नवा शर्ट घातल्यासारखं वागायला लागलं. १९८३ मध्ये केंद्र सरकारनं सुशिक्षित बेरोजगारांसाठी स्वयंरोजगाराची योजना आणली. दहावी पास, वय १८ ते ३५, कर्ज २५ हजारांपर्यंत, त्यातले २५ टक्के सबसिडी. जिल्हा उद्योग केंद्राकडून अर्ज यायचे आणि त्यांची छाननी माझ्या टेबलावर. त्यात एके दिवशी ओळखीचं नाव दिसलं. मास्तरांचा मुलगा. धंदा: काज-बटण. यंत्र: मुंबईहून आणायचं एक जुनं, दुरुस्त केलेलं काज मशीन, आणि बटण लावायचं दुसरं.

मी स्वतः मुंबईला जाऊन ते मशीन चालताना पाहिलं. तोवर वाटत होतं, मशीन म्हणजे हाताचंच काम भरभर. तसं नव्हतं. क्रमच उलटा होता. हातानं आधी चीर पाडतात, मग काठ बांधतात. मशीन आधी शिवतं. डाव्या अंगाला नागमोडी टाक्यांची दाट रांग, टोकाशी पट्टी, उजव्या अंगानं परत, पुन्हा पट्टी. आणि सगळं शिवून झाल्यावर वरून एक लहानसं पातं खाडकन खाली येतं आणि दोन रांगांच्या मधे चीर पाडून जातं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत काज तयार. ही करामत तेव्हाही नवी नव्हती. बोस्टनच्या रीस कंपनीची काज मशिनं १८८० च्या दशकापासून कारखान्यांत चालत होती. जालन्याला यायला तिला शंभर वर्षं लागली एवढंच.

शिफारशीचं टिपण मी मन लावून लिहिलं. 'हातानं काम करणारा कारागीर दिवसाला सहा ते सात शर्ट पूर्ण करतो. प्रस्तावित यंत्रावर तेवढं काम अर्ध्या तासात होईल. शर्टामागे दर कमी ठेवूनही हप्ता फेडण्याइतकी शिल्लक राहील.' साहेबांनी विचारलं, हे सहा-सात शर्ट कुठून आले? मी म्हटलं, माहितीतला आकडा आहे. कर्ज मंजूर झालं. त्या मुलानं मुदतीच्या आत शेवटचा हप्ता भरला. पुढे प्रशिक्षणाच्या वर्गात मी ही फाइल आदर्श कर्ज म्हणून कितीतरी वेळा सांगितली आहे.

तो सहा-सातचा आकडा अक्काच्या ओट्यावरून आलेला होता, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नव्हतं असं म्हणणार नाही. आलं होतं. पण त्याचा अर्थ लक्षात आला नव्हता.

लग्नानंतर मी कादराबादेच्या बाजूला भाड्यानं राहत होतो. वाड्यात जाणं सणावारी. त्या वर्षी दिवाळीत फराळाचं ताट द्यायला गेलो, तर ऐन हंगामात अक्काचा ओटा मोकळा. पाट भिंतीला टेकवून ठेवलेला.

"काय अक्का, आज सुट्टी?"

"दसऱ्यापासून गठ्ठे येईनात बाबा. मास्तरच्या पोरानं मशीन आणलंय. लई झटपट करायलंय म्हणे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "बँकेनं पैसे दिले म्हणे. तुझीच का रे बँक?"

मी हो म्हणालो.

"चांगलं झालं. गुणाचं पोरगं आहे ते. हात चांगला आहे त्याचा." आणि तिनं ताटातला एक अनरसा उचलून पालथा केला, मागून पाहिला, नि म्हणाली, "जाळी पडली हो तुझ्या बायकोला."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी कचेरीत जाऊन मी योजनांची सगळी परिपत्रकं काढून बसलो. एका योजनेत वय आडवं येत होतं. दुसरीत शिक्षण, अक्का चौथी शिकलेली. तिसरी ग्रामीण भागासाठी होती आणि अक्का जालना शहरात राहत होती. कर्जाच्या अर्जात यंत्राची किंमत, तारण, जामीनदार, अपेक्षित नफा असे पुष्कळ रकाने होते. या यंत्रानं कुणाचं काम जाईल, असा रकाना नव्हता. असता तर मी काय लिहिलं असतं? मशीन येणारच होतं. मी नाही तर दुसऱ्यानं दिलं असतं. हा हिशेब मी नंतर अनेकदा मांडून पाहिला. बेरीज चुकत नाही, पण ताळेबंद जुळल्याचं समाधानही मिळत नाही.

अक्का त्यानंतर ब्लाउजचे हूक-आकडे करायला लागली. ब्लाउजला काज का नसतं, हे मला तेव्हा तिच्याकडूनच कळलं. अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यात दोन बटणांच्या मधली पट्टी फाकते, हूक जवळजवळ लावता येतात. त्या कामाला पैसे काजापेक्षाही कमी. पुढे डोळे गेले, मग तेही सुटलं. १९९६ साली ती वारली तेव्हा मी बदलीवर होतो.

आता काजाकडे कुणी पाहत नाही, कारण शर्ट तयार मिळतो. पण दुकानात शर्ट निवडताना रंगाबरोबर काजही पाहावं. पालथं करून पाहावं, अक्कासारखं. मागच्या बाजूनं टाके दाट आहेत का, चिरेतून कापडाचे केस बाहेर आलेत का. मशिनीचं पातं बोथट असलं की ते कापडाबरोबर काठाचे टाकेही कुरतडतं, आणि असं काज चार धुण्यांत तोंड उघडतं. एखादा दोरा लोंबत असेल तर ओढू नये. मागे नेऊन गाठ मारावी आणि कात्रीनं कापावा. काठ भुसभुशीत व्हायला लागला तर नखांना लावायचं बिनरंगी पॉलिश टाचणीच्या टोकानं लावून वाळू द्यावं. आमच्या घरी हा उपाय चालतो. बायकोचा आग्रह असा की शर्ट धुवायला टाकताना बटणं काढूनच टाकावा. लावलेला टाकला की घुसळताना काजावर ताण येतो. पुरुषांच्या शर्टाला काज डाव्या बाजूला आणि बायकांच्या उजव्या बाजूला का, असं नात विचारते. तलवारीपासून दासींपर्यंत अनेक तर्क लोकांनी लढवले आहेत, पण भक्कम पुरावा एकालाही नाही. मी तिला सांगितलं, विलायतेहून तसं आलं आणि आपण तसंच ठेवलं. कोटाच्या कॉलरवरच्या काजाला तर समोर बटणच नसतं. पंडित नेहरूंनी अचकनच्या काजात गुलाब लावला, तेव्हा कुठे आपल्याकडे एका काजाकडे देशानं पाहिलं असेल.

संध्याकाळी पुन्हा त्या दुकानात गेलो. मालक आले होते. साठी ओलांडलेली, नाकावर चष्मा. मला पाहून उठले. "साहेब, तुम्ही कशाला आलात? निरोप पाठवायचा." तो वाड्यात गठ्ठे आणणारा मुलगा. जुनं मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं आहे. मोडीत द्यायला हात होत नाही म्हणाले. नवं आहे, पण त्यालाही रोज काम नसतं. "काजाला कोण येतं आता? रेडिमेडला सगळं होऊनच येतं. गणवेशाचे चार दिवस सोडले तर अल्टर, चेन बदलणं आणि साडीचं फॉल, यावर चाललंय."

मी शर्ट पुढे केला. त्यांनी काज पाहिलं, पालथं करून पाहिलं. गल्ल्यावरचा मुलगा, त्यांचा नातू, म्हणाला, "मी सांगितलं ना आजोबा, मशीनवर होत नाही ते." मालक काही बोलले नाहीत. खण उघडून त्यांनी सुई काढली, पांढरं रीळ काढलं, देव्हाऱ्याजवळचं मेणबत्तीचं बोटूक आणायला नातवाला पिटाळलं. सुईच्या टोकानं मशिनीचे सुटलेले टाके एकेक करून उसवले. चिरेच्या फाकलेल्या टोकाला दोन धावदोरे घालून ते आवळलं. मग हातभर दोरा तोडला, मेणावरून ओढला, आणि सुई डोळ्यांपुढे धरून दिव्याकडे वळले. एकदा, दोनदा.

"साहेब, एवढी ओवून देता का?"

माझ्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, त्या डोळ्यानं जवळचं धड दिसत नाही. दुसरा डोळा मिटून पाहिलं, तर दोरा नाक्याच्या बाजूनंच गेला. मग उलट केलं. तिसऱ्या खेपेला ओवला गेला. त्यांनी सुई घेतली, दोरा टोकाखालून फिरवला आणि वरच्या अंगाला खेचला. नातू मोबाइल खाली ठेवून बघायला लागला. त्यांना आठ-नऊ मिनिटं लागली. पैसे विचारले तर म्हणाले, "याचा दर काय लावू, तुम्हीच सांगा." मला शर्टाचे चाळीस पैसे आठवत होते, पण मी ते बोललो नाही. पन्नासाची नोट ठेवली. त्यांनी तीस परत दिले.

घरी येऊन शर्ट बायकोच्या हातात दिला. "जरा जाड झालंय की हो," ती म्हणाली. मग तिनं काज पालथं करून मागून पाहिलं, आणि शर्टाची घडी घालून तो इस्त्रीच्या कपड्यांत ठेवून दिला.